दोर धरणारे हात

मैत्री जुळणे सोपे असते. ती जन्मभर टिकवणे अवघड असते. शाळेच्या बाकावर किंवा खेळाच्या मैदानावर स्नेह सहज जडतो. पण पुढे शाळा सुटते, गाव सुटते, ज्याची त्याची वाट निराळी होते आणि पुष्कळशी मैत्री वाटेतच विरून जाते. त्यात कोणाचा विशेष दोष असतो असे नाही. रोप लावणे निराळे आणि त्याला वर्षानुवर्षे पाणी घालणे निराळे, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांनी आपले आयुष्य लोकसेवेला वाहिलेले असते, त्यांना तर अशा टिकाऊ मैत्रीची गरज अधिकच भासते. ख्रिस्ती पाळकाचा किंवा धर्मसेवकाचा दिवस कसा जातो ते पाहावे. कोणाच्या घरी दुखणे आले की त्याला बोलावणे येते. कोणाचे लग्न असो, कोणाचे मरण असो, तेथे तो हवाच. दहा घरांची दुःखे तो ऐकून घेतो आणि दहा घरांना धीर देतो. पण त्याच्या स्वतःच्या घरात दुःख आले, त्याच्याच मनात निराशा दाटली, तर त्याने कोणाकडे पाहावे? इतरांना धीर देणाऱ्यालाही धीर लागतो, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही. काही लोक त्याची स्तुती करतात, काही निंदा करतात. पण त्याचा दोष त्याच्या तोंडावर सांगून पुन्हा त्याच्याच पाठीशी उभा राहील, असा माणूस विरळा. असा माणूस म्हणजेच मित्र. तो जन्मभर लाभला, तर एकट्याच्या हातून न होणारी कामे कशी पार पडतात, याचे एक ठळक उदाहरण बंगालमध्ये घडले.

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर नावाचे गाव आहे. महाराष्ट्रातही याच नावाचे गाव आहे, पण हे त्याहून निराळे. अठराव्या शतकात ते डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. याच गावी विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तीन इंग्रज मिशनरी तेवीस वर्षे एका कुटुंबाप्रमाणे राहिले. तिघेही साध्या घरांतले. कॅरी चांभारकाम करीत. मार्शमन विणकराचे पुत्र व स्वतः विणकर. वॉर्ड छापखान्यात वाढलेले. तिघांचे स्वभावही तीन तऱ्हांचे. तरी त्यांची नावे आज एकत्रच घेतली जातात.

या मैत्रीची कथा मात्र श्रीरामपुरास सुरू होत नाही. ती इंग्लंडातील नॉर्दॅम्टनशर परगण्यात सुरू होते. विल्यम कॅरी यांचा जन्म तेथे १७६१ मध्ये झाला. जोडे शिवता शिवता ते निरनिराळ्या भाषा शिकले व पुढे एका लहानशा चर्चचे पाळक झाले. दूरदेशी जाऊन धर्मकार्य करावे, हा त्यांचा ध्यास होता. आसपासच्या गावांतील अँड्र्यू फुलर, जॉन रायलंड आणि जॉन सट्क्लिफ हे पाळक त्यांचे स्नेही होते. या मित्रांनी व त्यांच्या सोबत्यांनी २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग या गावी एका विधवा बाईच्या घरात जमून एक संस्था स्थापन केली. तीच पुढे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. त्या दिवशी वर्गणीचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत टाकण्यात आले. त्यांची बेरीज १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढी भरली. एवढ्या भांडवलावर समुद्रापलीकडे जाण्याचा बेत ठरत होता!

हिंदुस्थानात जाणे म्हणजे एखाद्या खोल, अनोळखी खाणीत उतरण्यासारखे आहे, असे त्या मित्रांना वाटले. खाली उतरण्यास कॅरी तयार झाले. मात्र वरच्यांनी दोर घट्ट धरून ठेवला पाहिजे, असे त्यांनी मागणे केले. फुलर यांनीच ही आठवण पुढे सांगितली आहे. आपल्याकडे विहिरीतला गाळ काढताना जो तळाशी उतरतो, त्याचे सारे लक्ष कामावर असते. वर दोर धरणारा माणूस त्याला दिसतही नाही. पण त्याच्या भरवशावरच तो खाली निर्धास्त असतो. फुलर आणि त्यांचे स्नेही यांनी दोर धरण्याचे वचन दिले. या वचनाची त्या क्षणी कोणी कोठे नोंद केली नाही, की त्यावर मोहोर उमटवली नाही. तरी ते पाळले गेले.

१७९३ च्या नोव्हेंबरात कॅरी सहकुटुंब बंगालमध्ये उतरले. पहिली सहा वर्षे फार कठीण गेली. मालद्याजवळ मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीचे काम करून ते पोट भरीत आणि उरलेल्या वेळात बंगाली भाषा शिकून बायबलचे भाषांतर करीत. १७९४ मध्ये त्यांचा लहानगा मुलगा पीटर वारला. त्या धक्क्याने व परक्या मुलखातील हालअपेष्टांनी त्यांच्या पत्नी डोरोथी यांचे मन ढळले आणि ते पुन्हा कधीच ताळ्यावर आले नाही. त्या काळी इंग्लंडास पत्र पाठवून त्याचे उत्तर येण्यास वर्षाहून अधिक काळ लागे. मनातले दुःख बोलून दाखवावे, असे जवळचे माणूस त्या रानात थोडेच होते. कॅरी खचले नाहीत. पण एकट्याने ओझे वाहणे म्हणजे काय, ते त्यांना या सहा वर्षांत पुरते कळले.

१७९९ च्या ऑक्टोबरात मार्शमन, वॉर्ड आणि त्यांचे सोबती श्रीरामपुरास येऊन पोहोचले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. परंतु श्रीरामपूरचे डॅनिश अधिकारी कर्नल बी यांनी त्यांना आश्रय दिला. तेव्हा १८०० च्या जानेवारीत कॅरीच मदनावती सोडून तेथे आले. वॉर्ड यांची व त्यांची जुजबी ओळख होती. इंग्लंड सोडण्यापूर्वी ते वॉर्डना भेटले होते व पुढे आपल्याला छापणाऱ्या माणसाची गरज लागेल, असे त्यांनी बोलून ठेवले होते. ते बोलणे वॉर्ड विसरले नव्हते.

एका अंगणात राहणे सुखाचे वाटते, पण ते सोपे नसते. सोबत आलेल्यांपैकी एक जण पोहोचताच वारले व दुसरे दोन वर्षांच्या आत. उरलेल्यांत कोणाला मुले होती, कोणी एकटे होते. उष्ण हवा, आजार, अपुरा पैसा आणि सततचा सहवास! अशा स्थितीत लहान गोष्टींवरून मने कलुषित होण्यास कितीसा वेळ लागतो? या मंडळींनी हा धोका आधीच ओळखला. एकत्र राहण्यास लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी आपल्या घराचे नियम केले. एकेका महिन्यासाठी एकेकाने घरकारभार पाहावा; प्रार्थना व उपदेश पाळीपाळीने करावा; खजिना व औषधांची पेटी कॅरींनी सांभाळावी. त्यांतला एक नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. शनिवारची संध्याकाळ त्यांनी एका कामासाठी राखून ठेवली होती. आठवड्यात कोणाचे कोणाशी बिनसले असेल, तर ते त्या वेळी उघड बोलून मिटवायचे आणि एकमेकांवर प्रेम करण्याचे वचन पुन्हा द्यायचे.

थोर माणसे कधी भांडत नाहीत, असे पुष्कळांना वाटते. श्रीरामपूरच्या मित्रांना तसे वाटत नव्हते. आपल्यात मतभेद होणारच, हे धरून चालूनच त्यांनी त्यांच्यासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ नेमली. अंगणातला केर रोज काढला तर झाडूचे दोन हात पुरतात. तो साठू दिला तर मग कुदळ लागते. मनातल्या केराचेही तसेच आहे. या तिघांची मैत्री टिकली ती त्यांचे स्वभाव सारखे होते म्हणून नव्हे. त्यांनी रुसवा साठू दिला नाही, म्हणून ती टिकली.

पैशाच्या बाबतीतही त्यांनी असाच कडक नियम पाळला. सर्वांची मिळकत एकाच खजिन्यात जाई. १८०१ मध्ये कॅरींना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवण्याचे काम मिळाले. पगार दरमहा ५०० रुपये आणि पुढे तो १००० झाला. मार्शमन व त्यांच्या पत्नी हॅना यांच्या शाळांचे उत्पन्नही चांगले होते. वॉर्ड यांचा छापखाना कामे मिळवून पैसा आणी. या सर्व मिळकतीतून प्रत्येक जण आपल्या गरजेपुरता अगदी थोडा अंश घेई आणि बाकीचा पैसा कार्यास देई. कोणी किती मिळवले, हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. जेथे हिशेब मांडला जातो तेथे स्नेह आटतो, असे अनुभवी लोक सांगतात. येथे हिशेब चोख होता. पण तो ‘माझे’ आणि ‘तुझे’ यांचा नव्हता.

मित्राचे उणे भरून काढणे हेही मैत्रीचे एक लक्षण आहे. कॅरी मोठे विद्वान. पण स्वभावाने अतिशय मऊ. मुलांना शिस्त लावण्याइतका कठोरपणा त्यांच्या अंगी नव्हता आणि त्यांची आई तर आजारी. मुले स्वैर होऊ लागली. हे पाहून हॅना मार्शमन यांनी त्यांच्याकडे लक्ष दिले व वॉर्ड यांनी थोरल्या फेलिक्सला ममतेने आपल्या हाताखाली घेतले. फेलिक्स पुढे मुद्रणाचे काम शिकला व ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला. मित्राच्या घरातील न्यून चारचौघांत बोलत बसण्यापेक्षा ते आपलेच समजून सावरणे, हे या मंडळींना अधिक योग्य वाटले.

या सहकार्यातून उभे राहिलेले काम पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. कॅरींनी आणि देशी पंडितांनी भाषांतरे करावी. पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांच्यासारख्या कुशल कारागिरांनी खिळे कोरावे. वॉर्ड यांनी छापावे. मार्शमन यांनी शिकवावे, तपासावे, लिहावे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून सुमारे चाळीस भाषांत बायबलचे भाग बाहेर पडले. मराठी भाषेलाही त्याचा लाभ झाला. कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये तेथेच छापला गेला. या कामी वैजनाथ शर्मा या पंडितांचे त्यांना साहाय्य होते. महाराष्ट्रात अद्याप पेशवाई होती, त्या काळी बंगालमध्ये नदीकाठच्या एका गावात मराठी शब्दांचे खिळे जुळवले जात होते!

मैत्रीची खरी पारख संकटात होते. ते संकट ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी आले. वॉर्ड आपल्या मेजापाशी काम करीत होते. एकाएकी धूर दिसला. छापखान्याच्या लांबलचक इमारतीत, कागदाच्या साठ्याला आग लागली होती. वॉर्ड व मार्शमन यांनी दारे-खिडक्या बंद करून घेतल्या, जेणेकरून वारा आत शिरू नये. छपराला भोके पाडून वरून पाणी ओतले. आग दबत चालली होती. इतक्यात कोणीतरी एक खिडकी उघडली आणि ज्वाळा सर्वत्र पसरल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. जीवितहानी झाली नाही. परंतु कागद, अनेक भाषांचे खिळे, व्याकरणांची व मोठ्या कोशाची हस्तलिखिते, रामायणाच्या भाषांतराचा भाग, सारे भस्म झाले. नुकसान सुमारे ७०,००० रुपयांचे होते.

कॅरी त्या रात्री कलकत्त्यास होते. त्यांना हे कसे सांगावे? निरोप किंवा चिठ्ठी धाडून भागले असते. पण मार्शमन दुसऱ्या दिवशी स्वतः नदीमार्गे कलकत्त्यास गेले आणि त्यांनी मित्राशेजारी बसून ती बातमी सांगितली. वाईट बातमी परक्याच्या तोंडून कळू नये, ही काळजी मित्रच घेतो. दोघे संध्याकाळी श्रीरामपुरास परतले, तेव्हा वॉर्ड राखेत उभे होते. परंतु त्यांचा चेहरा निराश नव्हता. ढिगारा उपसताना खिळे ओतण्याचे पोलादी ठसे व साचे त्यांना शाबूत सापडले होते, आणि मुद्रणयंत्रेही बचावली होती. जवळच्याच एका मोकळ्या वखारीत वॉर्ड यांनी कामाची मांडणी केली, वितळलेल्या धातूचे पुन्हा खिळे ओतवले आणि थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू केली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना पाऊल अधिक खात्रीने पडते, असे मनाशी म्हणून कॅरींनी जळालेली पाने पुन्हा लिहावयास घेतली.

त्याच वेळी हजारो मैलांवरचा दोरही ताणला गेला. आगीची वार्ता इंग्लंडात पोहोचताच फुलर कामास लागले आणि दोन महिन्यांच्या आत नुकसान भरून निघेल इतका पैसा जमा झाला. फुलर यांनी आयुष्यात हेच काम केले. आपले चर्च सांभाळून ते गावोगाव फिरत व मदत मागत. एकट्या स्कॉटलंडातच ते या कामासाठी पाच वेळा गेले. १७९३ मध्ये निरोप घेतल्यानंतर त्यांची आणि कॅरींची पुन्हा कधीही भेट झाली नाही. १८१५ मध्ये फुलर वारले, तेव्हा त्यांच्या हातात तो दोर होताच. बावीस वर्षे नजरेआड असलेल्या मित्रासाठी झटणे, याहून मैत्रीची मोठी साक्ष कोणती?

मैत्रीला वारसा नसतो, हे यानंतर दिसून आले. सोसायटीचा कारभार आता ज्यांच्याकडे आला, त्यांना श्रीरामपूरच्या मंडळींचा सहवास कधी घडला नव्हता. छापखान्याची मालमत्ता कोणाची, तिच्यावर अधिकार कोणाचा, असे वाद निघाले. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांचेही वडीलधाऱ्यांशी पटले नाही. त्यांत कॅरींचा स्वतःचा पुतण्या होता. टीकेचा सारा भर मार्शमन यांच्यावर होता. कॅरींना मात्र बहुतेक जण आदराने वागवीत. कॅरी गप्प बसते, थोडे बाजूला सरते, तर त्यांच्या अंगाला वाद लागला नसता. मार्शमन यांचे दोष त्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. तरी त्यांनी मित्राचा हात सोडला नाही. मार्शमन यांचा उद्योग, त्यांची निष्ठा व त्यांचा निःस्वार्थीपणा यांची ग्वाही ते पत्रांतून पुनःपुन्हा देत राहिले. अखेर १८२७ मध्ये श्रीरामपूरची मंडळी सोसायटीपासून वेगळी झाली. जी संस्था कॅरींनीच स्थापन करविली होती, तिच्यापासून दूर होणे त्यांना सुखाचे झाले नसेल. पण अन्याय होत असलेल्या सोबत्याला एकटे टाकून मिळणारा मान त्यांना नको होता.

त्यापूर्वीच या तिघांतील एक जण गेला होता. १८२३ च्या मार्च महिन्यात वॉर्ड यांना पटकीने गाठले. दोन दिवसांपूर्वी ते आपल्या नेहमीच्या कामात होते. ७ मार्चला ते राहिले नाहीत. त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. तेवीस वर्षे तीन खांबांवर उभे असलेले घर आता दोघांनी तोलून धरायचे होते. त्यांनी ते अकरा वर्षे तोलून धरले.

कॅरींना झाडांचा मोठा नाद होता. श्रीरामपुरास त्यांनी देशोदेशींची झाडे लावून सुंदर बाग केली होती. १८२० मध्ये शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी त्यांनी एक संस्थाही काढली होती. अखेरच्या दुखण्यात चालवेनासे झाले, तेव्हा खुर्चीत बसवून त्यांना बागेत नेत. एकदा त्यांच्या मनाने घेतले की, आपल्यामागे मार्शमन या बागेत गुरे सोडतील! मार्शमन यांना झाडाफुलांची गोडी फारशी नव्हती, हे ते जाणून होते. त्यावर मार्शमन यांनी त्यांना विश्वास दिला की, तुमच्यासारखी मला झाडांची पारख नाही हे खरे. पण जी बाग तुम्हांला एवढी प्रिय आहे, तिचे रक्षण मी पवित्र कर्तव्य समजेन. मित्राची आवड आपली नसतानाही, ती मित्राची आहे म्हणून जपणे, यात मैत्रीचे सारे मर्म आले.

९ जून १८३४ रोजी विल्यम कॅरी यांचे देहावसान झाले. एक्केचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नव्हते. मार्शमन त्यांच्यामागे तीन वर्षे जगले आणि १८३७ च्या डिसेंबरात त्यांनीही देह ठेवला. तिघांच्याही समाध्या श्रीरामपूरच्या एकाच दफनभूमीत आहेत. त्यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेले श्रीरामपूर कॉलेज हुगळीच्या काठी आजही चालू आहे.

या तिघांच्या कार्याचा इतिहास लिहिताना विद्वान लोक ग्रंथ मोजतात, भाषा मोजतात, शाळा मोजतात. त्या गोष्टी मोजण्याजोग्या आहेतच. पण शनिवारच्या त्या संध्याकाळी किती रुसवे मिटले, किती वेळा एकाने दुसऱ्याची क्षमा मागितली, याची मोजदाद कोठेही नाही. ग्रंथ आणि शाळा ज्या भिंतीवर उभ्या राहिल्या, तिचा पाया त्या संध्याकाळी घातला जात होता. पाया जमिनीत असतो, म्हणून तो दिसत नाही. दोर धरणारे हातही खाली उतरलेल्या माणसाला दिसत नाहीत. पण ते सुटले नाहीत, हे त्याला ठाऊक असते. आणि तेवढ्या बळावर तो अंधारातही आपले काम करीत राहतो.